शेरा : चूक वाटली

१४ मार्च, गुरुवार

पायाखालची जमीन सरकली, असं आपण ऊठसूट म्हणतो. आज सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी ती खरोखर सरकली, आणि किती सरकली हे मोजायचं काम उद्यापासून माझ्याकडे आलं आहे. निवृत्तीला पाच महिने उरलेत. जमिनीनं तेवढी कळ काढली असती तर काही बिघडलं नसतं.

मोजणी कार्यालयात होते. नकाशांचं लोखंडी कपाट दोन पावलं चालत माझ्या टेबलापर्यंत आलं. मी टेबलाखाली शिरले, तर शिपाई आधीच तिथं. "बाई, इथं जागा नाही," म्हणाला. मी म्हटलं, "टेबल माझं आहे." मग दोघंही गुडघ्यात मान घालून बसलो. चाळीस सेकंद हलत होतं म्हणतात. मी मोजले नाहीत, आयुष्यात पहिल्यांदाच.

धावत घरी गेले. आई दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती, बसची वाट बघावी तशी. वय वर्षं शहाऐंशी. म्हणाली, "कपाट पडलं. तुझ्या बाबांच्या फोटोची काच फुटली. गच्चीतले कपडे आधी काढून आण, धूळ बसेल."

शाळेची इमारत बसली. मधली सुट्टी होती, मुलं पटांगणात होती म्हणून वाचली. एक शिक्षिका वह्या तपासत वर्गातच थांबल्या होत्या, त्या गेल्या. एवढं लिहिल्यावर आज आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

१६ मार्च, शनिवार

दिवसातून दहा-बारा लहान धक्के. आईनं त्यांना नावं द्यायला सुरुवात केली आहे. आता झाला तो 'नुसताच डोकावून गेला'.

मोजणीच्या वहीत मत लिहायचं नसतं. आकडा लिहायचा. खोडायचं नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. दुर्बिणीपाशी उभा असलेला माणूस आकडा ओरडतो, वहीवाला तो मोठ्यानं परत म्हणतो, दुर्बिणीवाला 'बरोबर' म्हणतो, आणि मगच पेन कागदाला लागतं. हे सगळं मला दादानं शिकवलं, माझ्या थोरल्या भावानं. तो दुर्बिणीवर, मी वहीवर, अशी आम्ही चार वर्षं काढली. मोजणीच्या वहीत न मावणारी मतं मी तेव्हापासून या वहीत टाकते.

आज संध्याकाळी घरी आले तर पडलेलं कपाट उभं! वर लोखंडी पट्ट्या लावून भिंतीला पक्कं आवळलेलं. आईला विचारलं कोणी केलं. "आला होता एक माणूस." किती घेतले? "काही नाही घेतले." संकटात माणुसकी दिसते ती अशी. काम तर काय सुरेख: सहा स्क्रू, सहाही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या, एका ओळीत. असे कारागीर आता राहिले नाहीत.

१९ मार्च, मंगळवार

विद्यापीठातून भूगर्भाच्या प्राध्यापिका आल्या आहेत. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, खिशात कायम एक छोटा हातोडा. भेग दिसली की गुडघ्यावर बसतात आणि तिच्याशी बोलतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव भेगाबाई ठेवलं होतं. आज चुकून तोंडातून गेलं. त्या रागावल्या नाहीत, उलट खूश झाल्या.

भेगाबाई म्हणाल्या, "आम्ही पंचवीस वर्षं शिकवत आलो की इथं एकच फॉल्ट, खडकातली एकच मोठी भेग आहे, डोंगराच्या पायथ्याशी. भूकंप तिथंच सुरू झाला. पण जमीन तुटत तुटत खाली आली आणि मधला अर्धा किलोमीटर सोडून कालव्यापाशी पुन्हा तुटली. तिथं काही असेल याची कुणाला कल्पनाच नव्हती."

"म्हणजे नवा झाला?"

"नवा कसला! लाखो वर्षांचा असेल. खाली सगळं जाळं असतं हो. वर माती, शेतं, रस्ते. एक मोठा धक्का बसतो तेव्हा त्यातल्या एखाद-दुसऱ्या धाग्याचा पत्ता लागतो."

कालव्यावर गेलो. कालव्याची भिंत मधोमध तुटून एक भाग बाजूला गेला आहे, जसा कुणी उचलून ठेवावा. आम्ही फितीनं मोजलं: एक मीटर बत्तीस. शेजारच्या रस्त्यावरची पांढरी रेघ येते, थांबते आणि तेवढंच अंतर सोडून पुढं निघते. मी बराच वेळ त्या रेघेकडं बघत उभी राहिले. तिथून आमच्या खुणेच्या दगडांची जुनी रांग जाते. भेग सातव्या आणि आठव्या दगडाच्या मधून गेली आहे, सातपासून बावीस मीटरवर.

घरी आल्यावर आईला सांगितलं, "नवीन फॉल्ट सापडला."

आई म्हणाली, "कोणाचा?"

२२ मार्च, शुक्रवार

सात आणि आठ. दुसरं काही डोक्यात नाही.

कालव्यावरचा म्हातारा गवंडी भेटला. म्हणाला, "बाई, या भिंतीत या जागी मी दर चार-पाच वर्षांनी भेग बुजवत आलोय. माझ्या आधी माझा मामा बुजवायचा. आम्हाला वाटायचं, सिमेंट खराब." भेगाबाईंनी त्याचा हातच धरला. म्हणाल्या, काही फॉल्ट भूकंप नसतानाही सरकत असतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आवाज न करता. मग मला विचारलं, "तुमच्या दगडांची भूकंपाआधीची मोजणी असेल ना? त्यात हे सरकणं दिसायला हवं."

मी म्हटलं, "रजिस्टर आहे." म्हटलं ते खरं आहे.

२४ मार्च, रविवार

आई दर रविवारी दादाकडं जेवायला जाते. वहिनी गाडी घेऊन खाली येते, हॉर्न वाजवते, आई उतरते. मी खिडकीतूनही बघत नाही. एकोणतीस वर्षं असंच आहे. दादा तापट; डोक्यात राख घालून कामावरून तडकाफडकी उठून गेला आणि मग काटे-वजनं दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी काही त्याला जा म्हटलं नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. कालव्याच्या रांगेत बारा दगड. ते पुरले तेव्हा एका सरळ रेषेत होते, त्याची नोंद आहे. अडतीस वर्षांनी दादानं पुन्हा मोजले. एकपासून निघून बारापर्यंत पोचला, तर बारावा दगड नोंदीपेक्षा अकरा सेंटिमीटर बाजूला. दादा म्हणाला, एक ते सात सरळ आहेत, आठ ते बारा सरळ आहेत, अकराचे अकरा सातआठच्या मध्ये आहेत. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, "दगड चालतात का?" दादा म्हणाला, "दगड नसतील चालत. जमीन चालली असेल." सगळं कार्यालय हसलं. त्या दिवसापासून त्याचं नाव 'चालता दगड' पडलं.

त्यात माझा काय संबंध?

२ एप्रिल, मंगळवार

शाळेची नवी इमारत कालव्यापलीकडच्या मैदानावर बांधायचं ठरतंय. सपाट जागा, झाड नाही, आणि मुख्य म्हणजे कुठंही भेग नाही. पालक घाईला आलेत आणि त्यांचं बरोबर आहे, तीनशे मुलं तंबूत बसताहेत. पंधरा तारखेला पाया खणायला घेणार.

भेगाबाईंना मात्र झोप नाही. कालव्याची भेग मैदानाकडं तोंड करून संपते. "या वेळी पुढचा धागा तुटला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. तो तिथं नाहीच, असं नाही. नेमका कुठं आहे ते कळलं तर मी तिथं चर खणून दाखवीन. पण एवढं मोठं मैदान आंधळेपणानं खणायला मला कोण देणार?"

मैदानावरूनही आमच्या दगडांची एक रांग जाते, पाच दगडांची. दादानं तीही मोजली होती, त्याच महिन्यात. भेगाबाईंना रजिस्टर काढून दिलं. त्या पानभर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे विचित्र आहे. कालव्याच्या रांगेत प्रत्येक दगड आधीच्यापेक्षा बरोबर एक सेंटिमीटर सरकलाय. मैदानावर प्रत्येक जागी दोन. जमीन अशी शिस्तीत नाही सरकत हो. शाळेतल्या कवायतीसारखी."

मी त्यांना आमच्या कामाची रीत सांगितली. मोजणी शेवटी जुळली नाही, थोडाफार फरक राहिला, की तो सगळ्या टप्प्यांत सारखा वाटून टाकतात. पत्ते वाटतात तसा. त्याला आम्ही 'चूक वाटणं' म्हणतो. कालव्यावर अकरा टप्पे, अकरा सेंटिमीटर, एकेक. मैदानावर चार टप्पे, आठ सेंटिमीटर, दोन-दोन.

"आणि ही वाटणी कोणी केली?"

शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द आहेत: 'चूक वाटली.' खाली सही. सही माझी आहे, अगदी तरुण, शेपटीवाली.

भेगाबाईंनी वाचलं आणि सहज विचारलं, "तुम्हाला चूक वाटली, की तुम्ही चूक वाटली?"

त्यांना काय माहीत!

३ एप्रिल, बुधवार

अकरा सेंटिमीटर कुठं होते ते मला ठाऊक आहे. सगळं कार्यालय त्यावर हसलं होतं. मैदानावरचे आठ कुठं होते ते आठवत नाही. त्यावर कुणी हसलंच नव्हतं. एका टप्प्यात होते की दोन, एकदोनमध्ये की चारपाचमध्ये, काही म्हणता काही नाही. मी ते चार जागी वाटले आणि विसरले. पुसून टाकलेली गोष्ट आठवणार कुठून?

मूळ वह्या बारा वर्षांनी रद्दीत जातात, तसा नियमच आहे. कार्बनची प्रत मोजणाऱ्याकडं राहते.

५ एप्रिल, शुक्रवार

मन मोठं हुशार असतं. स्वतःच्या चोरीचा पंचनामा स्वतःच करतं आणि कानावर हात ठेवतं. या वहीत तरी मी खोडरबर वापरू नये.

त्या दिवशी मोठ्या साहेबांनी रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर वाचलं. "हे बघा, तुमच्या सख्ख्या बहिणीलाही चूक वाटली." मी लिहिलं होतं ते हिशेबाचं होतं, मी फरक वाटून दिला होता. त्यांनी वाचलं ते मताचं. साहेब मूळचे मोजणीतले नव्हते, त्यांना ही बोली माहीत नव्हती. इथवर चूक कुणाचीच नाही.

मग ते माझ्याकडं वळले. "वाटली ना?"

मी म्हटलं, "हो, वाटली."

म्हटलं ते खरं होतं. मी वाटलीच होती. एकोणतीस वर्षं मी याच वाक्यावर उभी आहे, एका पायावर. पण ते काय विचारताहेत हे मला कळत होतं, आणि मी काय सांगतेय असं त्यांना कळेल हेही कळत होतं. दादानं माझ्याकडं बघितलं. मी शाईची दौत बघत होते. त्यानं दुर्बीण पेटीत ठेवली, पेटीचे दोन्ही खटके लावले आणि गेला. आठवड्याभरानं दुर्बीण माझ्याकडं आली. पुढं या जागेवर पोचले ती तिथूनच.

तापट म्हणे. तो एक शब्दही बोलला नव्हता.

७ एप्रिल, रविवार

हॉर्न वाजला. आई पर्स घेऊन उठली आणि दारात थांबली.

"येतेस?"

"कशाला?"

"मी कुठं म्हटलं कशाला ते. नुसतं विचारलं."

गेले नाही. दिवसभर खिडक्यांच्या काचा पुसल्या. भेगाबाईंचा फोन आला होता, उचलला नाही. वही मागायची म्हणजे का हवी ते सांगायचं, आणि का हवी ते सांगायचं म्हणजे सगळंच आलं. पाच महिने राहिलेत. चार महिने आणि काही दिवस. मुकाट्यानं निरोप समारंभाचा हार घालून घरी जाता आलं असतं. भेगाबाई दुसरा काहीतरी मार्ग काढतील, विद्वान बाई आहेत.

तीनशे मुलं आहेत. हेही लिहून ठेवते, म्हणजे मला नंतर म्हणता यायचं नाही की लक्षात नव्हतं.

८ एप्रिल, सोमवार

गेले.

दुकान अरुंद. भिंतीवर काटे टांगलेले, फळ्यांवर पितळी वजनं उतरत्या क्रमानं, मधल्या टेबलावर काचेच्या पेटीत औषधवाल्यांचा नाजूक काटा. दादा चिमट्यानं त्यात वजन ठेवत होता. केस पार पांढरे झालेत. मान वर न करता म्हणाला, "बस. टेबलाला टेकू नको, काटा हलतो."

एकोणतीस वर्षांनी भाऊ पहिलं वाक्य बोलला ते हे.

बसले. काटा स्थिर होईपर्यंत तो बोलणार नाही हे मला माहीत होतं. समोर एका मोठ्या काट्याची पाटी होती, चार स्क्रूंनी बसवलेली. चारही खाचा उभ्या, एका ओळीत. शेजारच्या काट्याच्याही तशाच. दुकानातले सगळे स्क्रू तसेच होते. मला आमच्या घरातलं कपाट आठवलं. आला होता एक माणूस!

"आईला सांगितलं होतंस, नाव सांगू नको म्हणून?"

"पुढच्या धक्क्यात कपाट पुन्हा पडू द्यायचं का मग?" काट्याकडं बघतच तो म्हणाला. "काय काम काढलंस?"

"तुझी वही हवी. कार्बनची. मैदानाची रांग."

मग सगळं सांगितलं. भेग, कालवा, गवंडी, शाळा. तो ऐकत होता. "सात आणि आठच्या मध्ये?" त्यानं विचारलं.

"सातपासून बावीस मीटरवर."

त्यानं चिमटा खाली ठेवला. "म्हणजे दगड चालले नव्हते."

"नाही. जमीन चालली होती."

"तेच म्हणत होतो मी." एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं तो हसेल, ओरडेल, निदान टोमणा तरी मारेल. मी टोमण्याची तयारी करून गेले होते. तो म्हणाला, "एक विचारू? त्या कामाचं मला काही नाही. काट्यांनी पोट भरलं, मुलं शिकली. लोकांनी चालता दगड म्हटलं त्याचंही काही नाही. पण तू माझ्याबरोबर चार वर्षं उभी होतीस. माझा एकेक आकडा तू परत म्हटला होतास. तुला खरंच चूक वाटली होती?"

एवढाच प्रश्न. एकोणतीस वर्षं हाच घेऊन बसला होता. मला वाटत होतं की मी त्याची जागा घेतली याचा त्याला राग आहे.

मी म्हटलं, "मला चूक वाटली नव्हती, दादा. मी चूक वाटली होती. नुसती वाटून टाकली होती, नेहमीसारखी."

"मग हो का म्हणालीस?"

"दुर्बीण मला हवी होती."

काटा पुन्हा हलायला लागला. माझा गुडघा टेबलाला लागला होता.

दादा म्हणाला, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, सगळं, मोठ्यानं, आकडा परत म्हणतात तसं. मला चूक वाटली नव्हती. साहेब काय विचारताहेत ते मला कळलं होतं. तरी मी हो म्हणाले. दुर्बीण मला हवी होती.

तो 'बरोबर' म्हणाला नाही. उठला, आत गेला, बराच वेळ आला नाही. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही आणून माझ्यासमोर ठेवली. "मैदान शेवटच्या चार पानांवर आहे," म्हणाला आणि पुन्हा चिमटा उचलला.

वही घरी येऊन उघडली. कार्बनची निळी अक्षरं फिकटली आहेत, पण वाचता येतात. एक-दोन : शून्य. दोन-तीन : शून्य. तीन-चार : आठ. चार-पाच : शून्य. शेऱ्यात लिहिलंय, 'तीनदा मोजले. इथेच आहे.' आकडे परत म्हणणारी म्हणून माझं नाव आहे. तीन वेळा मी 'आठ' असं म्हटलं असणार आणि तीन वेळा त्यानं बरोबर म्हटलं असणार.

आई बाजूला येऊन बसली. वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि रुमाल दिला.

१२ एप्रिल, शुक्रवार

बैठक झाली. आताचे साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान, माणूस सरळ आहे. भेगाबाईंनी वही पुढं ठेवली, मैदानाच्या नकाशावर तीन आणि चारच्या मधला साठ मीटरचा पट्टा दाखवला. शाळेचे सहा वर्ग त्याच पट्ट्यात येतात.

साहेब म्हणाले, "पण रजिस्टरमध्ये तर प्रत्येक टप्प्यात दोन-दोनच आहेत. आणि शेरा आहे, मोजणी करणाऱ्याची चूक वाटली म्हणून. बाई, सही तुमची आहे."

"सही माझीच आहे," मी म्हटलं, आणि उभी राहिले. काय सांगायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण कागद हातातच राहिला. मोजणी अचूक होती, सांगितलं. मी आकडे वाटले ते रीतीप्रमाणं, सांगितलं. आणि विचारल्यावर मी जे 'हो' म्हटलं ते रीतीप्रमाणं नव्हतं, हेही सांगितलं. शिपाई चहाचे कप घेऊन दारातच थांबला होता. त्यानं त्या दिवशी टेबलाखाली मला घाबरलेली पाहिलंय, पण आजच्याइतकी नाही.

एक पालक म्हणाले, "एकोणतीस वर्षांपूर्वीच्या आठ सेंटिमीटरसाठी आमची शाळा अडवणार?" त्यांची मुलगी त्या शिक्षिकेच्या वर्गात होती. मला त्यांचा राग आला नाही.

साहेबांनी तीन दिवस दिले. चर खणा, काही निघालं नाही तर सोमवारी पाया.

१५ एप्रिल, सोमवार

पाया थांबला. खणलेल्या साठापैकी एक्केचाळिसाव्या मीटरवर निघालं. चराच्या भिंतीत मातीचे थर दिसतात, त्यात मधोमध गोट्यांचा एक पिवळट पट्टा आहे. तो आडवा चालत येतो आणि एका जागी कापला जातो; पलीकडं निघतो तो पार वरच्या अंगाला. त्याखालचे थर याहून जास्त सरकलेत. भेगाबाई म्हणाल्या, म्हणजे इथं एकदा नाही, निदान तीनदा मोठा भूकंप होऊन गेला आहे, माणसं घरं बांधायच्याही आधी. वर मात्र हातभर माती आणि गवत. परवापर्यंत त्यावर मुलं चेंडू खेळत होती.

तेच पालक चरात उतरले. पट्ट्यावरून बोट फिरवत गेले, तुटला तिथं थांबले. वर येऊन मला म्हणाले, "शाळा कुठं बांधायची मग?" मी म्हटलं, "ते आता मोजून सांगते."

१७ एप्रिल, बुधवार

आज चराच्या भिंतीचं मोजमाप. भेगाबाईंनी दादाला फोन करून बोलावलं होतं, मला न विचारता. तो आला. आईही आली. काठावर खुर्ची टाकून, पर्स मांडीवर घेऊन बसली, आणि दोन्ही पोरांना उन्हात टोप्या घाला म्हणून ओरडली. एक पोर चौसष्ट वर्षांचं, एक सत्तावन्न.

दादा भिंतीपाशी फीत लावून उभा राहिला. मी वही उघडली.

"अडतीस," तो ओरडला.

"अडतीस," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. पुढचा आकडा. आम्ही दीड तास मोजलं. मान डोलावत होता, पण तोंडानं तो शब्द काही काढला नाही. मीही वाट बघतेय असं दाखवलं नाही.

दुपारी तो कार्यालयात आला, बाहेरच्या बाकावर बसला. आत यायला तयार नव्हता. मग मीच रजिस्टर घेऊन बाहेर आले आणि बाकावर त्याच्याशेजारी बसले. ते पान काढलं. शेऱ्यातल्या 'चूक वाटली' वर पट्टी ठेवून एक रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. खाली, आपापल्या टप्प्यासमोर, अकरा लिहिले आणि आठ लिहिले. बाकीच्यांसमोर शून्य. उरला शेरा.

पेन उचललं, पण कागदाला लावलं नाही. आधी मोठ्यानं म्हटलं, "मोजणी अचूक. चूक माझी. वाटलेली नाही."

दादानं रजिस्टर स्वतःकडं ओढलं, चष्मा वर केला, आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग ते परत माझ्याकडं सरकवलं.

"बरोबर," म्हणाला.

मग मी लिहिलं.